सही केलेल्या माणसाचा बाक

मी एक बाक. प्रार्थनामंदिराच्या मागच्या खोलीत, मागच्या भिंतीला टेकून मी बरीच वर्षं काढली. चार माणसं ऐसपैस बसतील एवढी माझी लांबी. पण माझ्यावर बसायचं कोण? उशिरा येणारे, लवकर निघणारे आणि आपल्याला कुणी काही विचारू नये असं वाटणारे.

एका सुताराच्या अंगणात माझा जन्म झाला. जुन्या दारांच्या फळ्यांना रंधा मारून त्यानं मला जोडलं आणि बायकोला हाक मारली, "बघ गं जरा, डुलतोय का?" ती दाणकन बसली. मी जागचा हललो नाही. "तुला पेललं म्हणजे शाळेतल्या पोरांची काय बिशाद!" असं तो म्हणाला, तेव्हा तिनं मूठभर भुसा त्याच्या डोक्यावर उधळला.

सतरा वर्षं मी शाळेत होतो. मग तिथं लोखंडी बाक आले आणि आम्हा लाकडी मंडळींना मागेल त्याला देऊन टाकलं. इथं मी एकटाच आलो. ज्यांच्या रांगेत उभा राहिलो, ते बाकीचे कुठे गेले, कोण जाणे.

इथं दर रविवारी उपासना संपली की मोठ्या माणसांचा बायबलचा वर्ग भरायचा. शिकवणाऱ्या बाई भूगोलाच्या निवृत्त शिक्षिका. संत पौलाचा प्रवास सांगतानासुद्धा त्या आधी फळ्यावर नकाशा काढायच्या. समोर प्लास्टिकच्या खुर्च्या गोल मांडलेल्या असत. त्यांत एक विमा एजंट, एक नर्स, एक पेन्शनर काका आणि आणखी पाच-सहा जण बसत. मी मात्र त्या गोलाच्या बाहेर.

मग एका रविवारी एक माणूस पहिल्यांदा आला. इस्पितळाच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करायचा. अंगाला कायम वाफेचा, साबणाचा वास. तो माझ्या कडेला बसायचा, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून. पाठ कधी टेकायचा नाही.

महिन्यातून एकदा प्रभुभोजन असायचं. भाकर आणि प्याला घ्यायला सगळी मंडळी पुढे जायची. त्या दिवशी हा उपासनेतून मधेच उठून मागच्या खोलीत यायचा आणि माझ्यावर बसून राहायचा. भिंतीपलीकडे गाणं चालू असायचं. त्याचे ओठ हलायचे, पण आवाज फुटायचा नाही. रिकाम्या खोलीत आम्ही दोघंच. खरं सांगतो, मला ते रविवार आवडायचे. आणि आवडतात याची लाजही वाटायची.

मग तो रविवार आला. बाईंनी फळ्यावर एकच शब्द लिहिला: छळ.

"आज नकाशा नाही," बाई म्हणाल्या. "ख्रिस्ती माणसाचा छळ होतो म्हणजे नेमकं काय होतं? पुस्तकातलं सांगू नका. स्वतःचं सांगा."

विमा एजंटला तेवढंच हवं होतं. "मला विचारा! ऑफिसात मला सगळे 'पाद्रीबुवा' म्हणतात. मी डबा उघडला की एक जण मुद्दाम हात जोडून उभा राहतो. बढतीही दुसऱ्यालाच दिली."

"बढती तुमच्या उशिरा येण्यामुळे गेली असेल," पेन्शनर काका म्हणाले. सगळे हसले.

"हसणं आणि मारणं, दोन्हींना एकच शब्द कसा चालेल?" नर्सनं विचारलं.

"छळात टिकतो तोच खरा विश्वासणारा," काका म्हणाले. "बाकीचे नुसते नावाचे. प्रसंग आला की गळून पडतात. सोनं आगीत टाकल्याशिवाय कळत नाही."

माझ्यावरचं वजन जरासं हललं. बाईंचं लक्ष गेलं. "दादा, तुम्ही कधीच काही बोलत नाही. काही सांगायचंय?"

दोन वर्षांत त्याला कुणी विचारलेला तो पहिला प्रश्न. तो उठला नाही. बसूनच बोलला.

"आमच्या गावात आम्हा ख्रिस्ती लोकांची नऊ घरं होती. आधी गावकरी नळावर पाणी भरू देईनात. मग दुकानदार पीठ देईना. मग एके दिवशी सगळ्यांना शाळेच्या पटांगणात बोलावलं. टेबल होतं, त्यावर कागद. मी ख्रिस्ताला मानत नाही, यापुढे प्रार्थनेला जाणार नाही, असं लिहिलेलं. सही करा, नाहीतर गाव सोडा. माझ्या आधी दोघांना बेदम मारलं. मग माझी पाळी आली."

त्यानं उजवा हात उचलून बघितला आणि परत गुडघ्यावर ठेवला.

"मी सही केली. टेबलामागचा माणूस म्हणाला, पूर्ण नाव लिहा. मी पूर्ण नाव लिहिलं. मग माझ्या बायकोला पुढे बोलावलं. ती म्हणाली, मला लिहिता येत नाही." तो किंचित हसल्यासारखा झाला. "अख्ख्या आळीची पत्रं तीच लिहायची. ते म्हणाले, मग अंगठा दे. तिनं मूठ मिटली. ती उघडायला तीन माणसं झोंबत होती. दोन बोटं मोडली, पण मूठ उघडली नाही. आणि मी तिथंच उभा होतो. हातात पेनाचं टोपण घेऊन."

बाईंनी हातातला खडू फळ्याच्या कडेला ठेवला.

"गाव दोघांनाही सोडावं लागलं. माझ्या सहीचा काही उपयोग झाला नाही. ती भावाकडे गेली. जाताना एक शब्द बोलली नाही. चार वर्षं झाली. छळ म्हणजे काय, ते तुम्ही विचारलंत. तिचा झाला, तो छळ. माझं जे झालं त्याला काय म्हणतात? ते इथं कधीतरी कळेल, म्हणून मी येतो."

मला चार पाय आहेत. त्या क्षणी उठून फळ्यापाशी जाता आलं असतं, तरी मी काय लिहिणार होतो? काकांनी चष्मा पुसायला घेतला आणि पुसतच राहिले. बाईंनी कशीबशी प्रार्थना केली. तो उठला, माझ्याकडे न बघता निघून गेला. त्याच्या वाटेत जे उभे होते ते बाजूला झाले. हात मात्र कुणी पुढे केला नाही.

पुढच्या रविवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

"आपण त्यांना काही लागेल असं बोललो का?" नर्सनं विचारलं.

"मी बोललो," काका खाली बघत म्हणाले. "आणि नंतर जे बोलायला हवं होतं, ते बोललो नाही."

तिसऱ्या रविवारी विमा एजंट धुलाईघरात जाऊन त्याला घेऊन आला. वर्ग सुरू व्हायला अवकाश होता. एजंटनं त्याला पुढे खुर्चीवर ओढलं नाही. स्वतःच येऊन माझ्यावर बसला. दोन वर्षांत प्रथमच त्या माणसाच्या शेजारी दुसरं वजन आलं.

"दादा," एजंट म्हणाला, "तुमच्या जागी मी असतो ना, तर सगळ्यात आधी माझी सही झाली असती. आणि पेनही माझंच असतं."

तो हसला. मग हसता हसता त्याचे खांदे हलायला लागले. एजंटनं त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"वहिनींना भेटलात?"

"कुठल्या तोंडानं भेटू?"

"जे आहे त्याच. दुसरं कुठून आणणार?"

पेन्शनर काका आत आले. ते माझ्यासमोर उभे राहिले. त्यांनी नुसते त्याचे दोन्ही हात हातात घेतले.

त्याच आठवड्यात त्यानं रजा काढली आणि बायकोच्या भावाचं गाव गाठलं. त्यानंतर माझ्यावर कुणी बसलं नाही. पुढे खोलीत नव्या खुर्च्या आल्या आणि मला ओसरीवर काढून ठेवलं. आता माझ्यावर लोक छत्र्या ठेवतात, पिशव्या ठेवतात, पुन्हा उचलून नेतात. पिशव्यांना वजन असतं, ऊब नसते.

गेल्या रविवारी एजंट ओसरीवर बाईंना गाठून सांगत होता. त्या धुलाईघरातल्या माणसाचा फोन आला होता. तो पोचला तेव्हा दार तिनंच उघडलं. तिची दोन बोटं अजून सरळ होत नाहीत. बराच वेळ ती उंबऱ्यात उभी राहिली.

"मग? काही बोलल्या का त्या?" बाईंनी विचारलं.

"एकच शब्द. 'बसा' म्हणाल्या."

बाईंनी पदर डोळ्यांना लावला.

त्याला तिथं बसायला काय मिळालं असेल, मला माहीत नाही. खुर्ची, खाट, की नुसतं पोतं अंथरलेलं असेल. जे कुणी असेल, त्याला माझं एवढंच सांगणं आहे: बाबा रे, हा माणूस बराच वेळ गप्प बसेल. कंटाळू नकोस.