डावं मागचं चाक

चारा छावणीतल्या पाण्याच्या हौदाला ताराबाईची गाडी धडकली, तेव्हा वेग इतका कमी होता की शेजारच्या म्हशीनं मानसुद्धा वळवली नाही. हौदाचा कोपरा तेवढा उडाला. पण त्या उन्हाळ्यात पाटोद्याच्या भागात पाणी टँकरनं यायचं, आणि सांडलेलं पाणी सगळ्यांनी पाहिलं.

गाडी सहकारी दूध संघाची. जनावरांचे डॉक्टर आणि औषधं घेऊन ताराबाई रोज पाच चारा छावण्या फिरायची. ब्रेक दाबला तर पेडल पायाखाली थरथरलं आणि गाडी थांबायच्याऐवजी पुढं सरकली, असं तिनं चेअरमन सुंदररावांना सांगितलं. साडीत पाय अडकला असेल, असं ते म्हणाले. शनिवारच्या बैठकीपर्यंत गाडीतला दोष दिसला नाही, तर गाडी दुसऱ्याच्या हातात द्यायची, हेही त्यांनी सांगून टाकलं. ते रागावून बोलले नाहीत, म्हणून ते तिला जास्त लागलं.

दोष तर होताच. ब्रेकचा पिवळा दिवा दोन आठवड्यांपासून मधूनमधून पेटत होता. बीडच्या एका गॅरेजात यंत्र लावलं, तर मागच्या डाव्या चाकाचा सेन्सर खराब असं निघालं. सेन्सर नवा बसवला. तिसऱ्या दिवशी दिवा परत पेटला.

शुक्रवारी सकाळी ती गहिनीनाथांकडे गेली. विहिरींवरच्या मोटारी दुरुस्त करण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. यंदा दुकानात एकही मोटार नव्हती. पाणी असलं की मोटारी जळतात, विहिरीच कोरड्या तर जळणार काय, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत बसायचे.

त्यांनी लगेच पाना उचलला नाही. दिवा नेमका कधी पेटतो, हे आधी विचारलं. खड्ड्यातून गेल्यावर, ती म्हणाली. गाडी बंद करून पुन्हा चालू केली की विझतो, आणि पुढच्या मोठ्या खड्ड्यापर्यंत विझलेलाच राहतो.

“छावणीच्या फाटकावर जनावरं मोजायला माणूस बसतो ना?” गहिनीनाथ म्हणाले. “तसा प्रत्येक चाकापाशी एक मोजणारा हाय. चाक किती फिरलं ते वायरीतून आत कळवतो. निरोप मधीच तुटला, तर आतल्याला वाटतं चाक अडकलं. अडकलेलं चाक घसरतं, म्हणून तो ब्रेक सैल सोडतो.”

“म्हणजे माझा पाय बरोबर व्हता, मामा.”

“पाय बरोबर व्हता. मोजणाराबी नवा हाय. राहिली वाट.”

त्यांनी गाडी जॅकवर घेऊन खाली लाकडी ठोकळे लावले. वायरीची दोन्ही टोकं सोडवली आणि मीटर लावला. वायर अखंड असली की मीटर वाजत राहतो. तो वाजत राहिला. ताराबाईचा चेहरा उतरला.

गाडी उभी आहे म्हणून वाजतोय, असं त्यांनी समजावलं. तुटलेली टोकं एकमेकांना टेकून बसली असतील. खड्डा आपल्याला हातानं करावा लागेल. मग त्यांनी तिलाच खाली जायला सांगितलं. “हात तुझा, कान माझा. वीत-वीत सरक. घाई न्हाई.”

तिनं पुढून सुरुवात केली. प्रत्येक वीत वाकवली, सोडली. मीटर वाजत होता. चाकाजवळ वायर जिथं झोळीसारखी लोंबते, तिथं तिनं ती जरा खाली ओढली आणि मीटर गप्प झाला. सोडली, वाजला. ओढली, गप्प.

“आणखी एकदा,” वरून आवाज आला. मीटर तिसऱ्यांदाही गप्प झाला.

वरचं रबर साबूत होतं, आतलं तांबं तुटलेलं होतं. त्याच जागी एक गाठ होती, आणि गाठीला धुळीनं माखलेली चप्पल लटकत होती, दर खड्ड्यात वायरीला हिसका देत. हिरव्या पट्ट्याची. दिवाळीत तुटली म्हणून तिनंच उकिरड्यावर टाकलेली.

नजर लागू नये म्हणून गाडीला पायताण बांधतात, पण बंपरला. वायरीला बांधणारा आजवर पाहिला नव्हता, असं म्हणत गहिनीनाथ हसले. ताराबाई हसली नाही. दोर काळ्या लोकरीचा, हातानं वळलेला होता. वाडीत तसा दोर एकच बाई वळायची, तिची सासू साखराबाई. मेंढरं विकून झाली, तरी तिच्या हातातली लोकर कातायची चाती सुटली नव्हती. सुनेनं स्टेअरिंग धरल्यापासून ती तिच्याशी बोलत नव्हती. हे बाईचं काम न्हाई, असं तिनं टँकरच्या रांगेत सगळ्यांना ऐकवलं होतं.

गहिनीनाथांनी डाग द्यायचं कामही तिलाच दिलं. तुटका भाग काढून तिनं नवा तुकडा जोडला, कथलाचा डाग दिला, वर रबरी नळी चढवली. चाक वरखाली होतं, म्हणून तिथं थोडा सैलपणा ठेवायचा, एवढं त्यांनी सांगितलं. येताना प्रत्येक खड्ड्यातून तिनं मुद्दाम गाडी घातली. दिवा पेटला नाही.

घरी तिनं चप्पल सासूपुढं ठेवली.

“आत्याबाई, खाली कावून बांधली?”

साखराबाई चाती फिरवतच राहिली. “पुढं बांधली असती तर लोकांना दिसली असती,” ती म्हणाली.

शनिवारी संघाच्या अंगणात सुंदररावांनी चुन्याची रेघ मारायला लावली आणि रेघेआधी खड्डा घ्यायला सांगितला. ताराबाईनं तीनदा गाडी खड्ड्यातून आणून तीनदा रेघेवर थांबवली. मग सुंदररावांनी विचारलं, वायर तुटली कशानं? सासू दाराशी आली होती. तिच्याकडं न बघता ताराबाई म्हणाली, घासून तुटली असेल.

“घासून न्हाई,” साखराबाई पुढं आली. “म्या त्या वायरीला पायताण बांधलं. पोरगी रोज पाच छावण्या हिंडती. म्हनलं, नजर लागंल.”

कोणीतरी हसलं. सुंदरराव हसले नाहीत. ते वाकून रेघ आणि चाक यांच्यातलं बोटभर अंतर बघत राहिले. मग म्हणाले, “साडीचं मी बोललो, ते चुकलं. सोमवारी आष्टीच्या बाजूला सहावी छावणी सुरू व्हणार हाय. तीबी तुझ्याकडंच.”

निघताना साखराबाईनं चप्पल बंपरला बांधली, सगळ्यांसमोर, दोन गाठी मारून. मग मागचं दार उघडून आत बसली आणि म्हणाली, “वाडीपोतर सोड. आन् खड्ड्यातून नको.”