चार नंबरच्या यंत्रातला तोताराम

अकरा वाजत आले तरी आमच्या केळी संघाच्या वजनकाट्यावर एकही ट्रक चढेना. हमाल, ड्रायव्हर, फैजपूरहून भाव विचारायला आलेले शेतकरी, झाडून सगळे ऑफिसच्या खिडक्यांना लटकले होते. आत कॉम्प्युटरला ओवाळणं चाललं होतं. साल चौऱ्याण्णव.

चार नंबरच्या कॉम्प्युटरवर तोताराम बसायचा. गेल्या पावसाळ्यात तो काविळीनं गेला. त्याच्या जागी त्याची बायको कुंदाबाई लागली, जळगावला जाऊन टायपिंग शिकून आली. महिनाभर बटण दाबलं की पडद्यावर इंग्रजीत ‘वेलकम कुंदाबाई’ यायचं आणि काम सुरू व्हायचं. मग आठ दिवसांपूर्वी यंत्र रुसलं. ती बटण दाबी, आणि एकच ओळ उमटे: सर्व्हर सापडत नाही.

चेअरमन जीवरामनानांनी यावर दोन उपाय केले. धुळ्याकडचा सुपडू भगत बोलावला, आणि कुंदाबाईच्या नावाचा राजीनामा टाईप करून ठेवला. जागा रिकामी झालीच तर नानांचा भाचा रुपचंद भांग पाडून तयार होता.

मी आवक-जावक कारकून, सगळे मला आबा म्हणतात. माझ्यावर कुणाचा विश्वास असो नसो, माझ्या रजिस्टरावर सगळ्यांचा आहे.

“आत्मा आठेच शे!” भगत घुमत, चार नंबरकडे बोट दाखवत ओरडला. “खुर्चीवर बायको बसनी, म्हणीसन तोताराम रुसना शे. बठ्ठा हात जोडा! मधली खोलीमा उदबत्ती लावानी. रुपचंद, तू जाय.” सगळ्यांनी हात जोडले.

मधल्या खोलीत मोठं मशीन, म्हणजे तो सर्व्हर, असतं. रुपचंदनं माझ्या रजिस्टरात किल्लीसाठी सही केली, आत गेला, दार ओढून घेतलं. मी वेळ टाकली: अकरा एक. परत आला अकरा आठला. उदबत्तीला एक काडी पुरते. रुपचंदला सात मिनिटं लागली. काड्या ओल्या असतील.

भगतानं चार नंबरवर उडीद फेकले. “तोताराम, ये!”

रुपचंदनं बटण दाबलं. ओळी सरसर सरकल्या आणि अक्षरं आली: वेलकम तोताराम.

खिडक्यांतून एकच कल्लोळ उठला. कुणी चपला काढल्या. एक जण कीबोर्डवर नारळाचं पाणी शिंपडणार, तेवढ्यात मी हात आडवा घातला.

नानांनी कागद पुढे सरकवला. “कुंदा, सही कर. त्याच्या आत्म्याला शांती मिळू दे.”

कुंदाबाईनं पेन उचललंच नाही. “नाना, जिता होता तवा त्यानं मले कधी खुर्चीवरून उठवलं नाही. मेल्यावर काहून उठवीन?”

“तमाशा संपला असेल तर कामाला लागू का, आबा?” दारातून आवाज आला. शकील. जळगावला आधी रेडिओ दुरुस्त करायचा, आता कॉम्प्युटर करतो. काल मीच त्याला फोन केला होता.

त्यानं चार नंबर बंद करून झाकण काढलं. “बघा. याच्या पोटात डिस्क नाही. याला स्वतःचं काही म्हणजे काही आठवत नाही. चालू झाला की वायरीतून आतल्या मोठ्या मशीनला आपल्या कार्डाचा नंबर सांगतो. आत एक यादी आहे. नंबरापुढे जे नाव असेल ते पडद्यावर. नंबरच खोडला, तर आतून कुणी ओ देत नाही.”

“आणि आत्मा?” नाना म्हणाले.

“तो कुठं बसतो ते बघू.” शकीलनं तळहाताएवढं कार्ड उपसलं, नानांच्या केबिनमधल्या कॉम्प्युटरचं कार्ड काढून तिथं हे बसवलं, बटण दाबलं. नानांच्या टेबलावर उमटलं: वेलकम तोताराम. नाना खुर्ची सोडून भिंतीला लागले.

“दखा!” भगताला जोर चढला. “आत्मा फिरस!”

“फिरतो खरा,” शकील म्हणाला, “पण त्याला स्क्रूड्रायव्हर लागतो.”

मग तो कुंदाबाईकडे वळला. “ताई, यादी तुम्हीच उघडा. पण काही बदलायच्या आधी, ती शेवटची कधी बदलली ते मोठ्यानं वाचा.”

किल्लीसाठी कुंदाबाईनं सही केली. या वेळी दार सताड उघडं होतं. आतून खणखणीत आवाज आला: “आजची तारीख. अकरा वाजून चार मिनिटं!”

मी रजिस्टर उघडलं आणि वाचलं. “किल्ली नेली अकरा एक, परत अकरा आठ, रुपचंद. आठ दिवसांपूर्वीही सही त्याचीच. कारण: पंखा बंद करणे.” रजिस्टर मिटलं. “मधल्या खोलीत पंखा नाही.”

रुपचंद मान खाजवू लागला. भगतानं झोळी उचलली. “यंत्र लबाड शे. आत्मा खरा शे!”

आतून कीबोर्डची टकटक ऐकू आली आणि थांबली. “दाबा बटण!” कुंदाबाई म्हणाली.

नानांचा हात पुढे येईना. शकीलनं दाबलं. नानांच्या पडद्यावर आलं: वेलकम सुपडू भगत.

कुंदाबाई दारात येऊन उभी राहिली. “भगतबाबा, तुम्ही कधी वारले?”

काट्यावरचे हमाल असे हसले की खिडकीचा एक गज हातात आला. भगत मागच्या दारानं गेला. उडीद इथंच राहिले.

कुंदाबाईनं यादीत आपलं नाव घातलं, शकीलनं कार्ड जागेवर बसवलं. ती चार नंबरसमोर बसली, राजीनामा उचलून माझ्यापुढे धरला. “आबा, हा आवकात का जावकात?”

“जावकात,” मी म्हणालो, आणि लिहिलं: चेअरमनसाहेबांना, सहीविना परत.

मंडळी, तोताराम भला माणूस होता. त्याच्या नावानं त्याच्याच बायकोच्या पोटावर पाय येत होता, आणि आपण हात जोडून उभे होतो. पुढच्या खेपेला कुणी चमत्कार दाखवील, तेव्हा आधी विचारा: आत्ता आतल्या खोलीत कोण जाऊन आलं? किल्ली कुणाकडे होती? उत्तर मिळेपर्यंत हात जोडू नका. मोकळे असू द्या. बटण त्या हातांनीच दाबायचं असतं.