दारामागची करकर

मित्रांनो, बोटभर रुंदीची, तपकिरी रंगाची, ताटाएवढ्या चाकावर गुंडाळलेली टेप तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिलीच नसेल. मी तशीच एक टेप आहे. आता वयही झालं आहे माझं. माझ्या अंगावर एक अख्खा अल्बम आहे. पहिल्यांदा तो ऐकणारी शहाणी माणसं आधी उठून खिडक्या लावून घेतात. गिटारी गुरगुरतात, ड्रम सात मात्रांत चालता चालता मध्येच पाच मात्रांत शिरतात, आणि आता सगळं कोसळणार असं वाटत असतानाच सगळे एकदम समेवर येतात. मला त्याचा फार अभिमान आहे. तो लपवण्याचं मला काही कारण दिसत नाही.

उत्तर फिनलंडमध्ये, समुद्राकाठच्या केमी गावात माझं आयुष्य गेलं. त्या गावात प्रत्येक मोठ्या इमारतीखाली एक निवारा असतो. जाड भिंतींचा, लोखंडी दाराचा, युद्ध झालंच तर रहिवाशांनी लपावं म्हणून बांधलेला. युद्ध काही होत नाही, म्हणून तिथे लोक सायकली ठेवतात, नाहीतर पोरं वाद्यं वाजवतात. आमचा चौघांचा गट अशाच एका निवाऱ्यात जमायचा. त्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर तार्मो राहायचा, त्याच्यामुळेच ती जागा मिळाली होती. तार्मो ड्रम वाजवायचा आणि दिवसा कागदाच्या गिरणीत कामाला जायचा. गाणारी होती मिर्वा. शब्दही तिचेच. सांत्तू गिटार वाजवायचा आणि गटातला बडबड्या म्हणून ओळखला जायचा, म्हणजे तासाभरात दोन वाक्यं बोलायचा. आणि केइयो माझा मालक. बास गिटार त्याची, ध्वनिमुद्रणाचं यंत्र त्याचं, आणि माझ्यावर चालणारं धारदार पातंही त्याचंच.

अल्बमसाठी मिर्वानं गोष्ट रचली होती ती एका माणसाची आणि एका गावाची. माणसाची नोकरी जाते. तो हळूहळू घराबाहेर पडेनासा होतो. गाव मात्र झकास चालू असतं. रस्त्यावरचा बर्फ वेळेवर उचलला जातो, कचरा वेळेवर जातो, टपाल वेळेवर येतं, आणि त्या माणसाची चौकशी करणं हे कुणाचंच काम नसतं. माणूस आतून मोडत जातो, तसं गावही मोडतं, फक्त गावाला ते कळत नाही. शेवटच्या गाण्यात कुणीतरी अखेर त्याचं दार वाजवतं. दार उघडत नाही. तिथे अल्बम संपतो.

गोष्ट काही हवेतून आली नव्हती. त्या वर्षी मंदीनं सगळ्या देशाचंच कंबरडं मोडलं होतं. आमच्या गावातल्या गिरणीचे काही विभाग बंद पडले, त्यात तार्मोचाही विभाग होता. त्यानं ते निवाऱ्यात बूट काढता काढता सांगितलं.

"सोमवारपासून मला सुट्टीच आहे."

"बरं," सांत्तू म्हणाला.

केइयोनं त्याच्या कपात कॉफी ओतली, नेहमीपेक्षा जरा जास्त. तेवढंच. मित्रांनो, ही माणसं दगडाच्या काळजाची नव्हती, असं कृपा करून समजू नका. दुसऱ्याच्या दुःखात नाक खुपसू नये, त्याला बोलावंसं वाटेल तेव्हा तो बोलेल, तोवर त्याला शांतता द्यावी, ही त्यांच्याकडची माया करायची रीत आहे. कपातली ती जास्तीची कॉफी म्हणजे पाठीवरून फिरवलेला हात होता. तार्मोलाही ते कळलं असणार. पण हात पाठीवरून फिरला की माणसानं आपणहून बोलायला सुरुवात करावी अशी अपेक्षा असते, आणि तार्मोला ते जमलं नाही.

त्यानंतर ध्वनिमुद्रण सुरू झालं. सगळ्यात आधी ड्रम. तार्मोचा ठेका म्हणजे आमच्या घराची भिंत, बाकीचे तिघं तिला निर्धास्त टेकून उभे राहायचे. पण आता ती भिंत हलू लागली. अवघड जागी तो केसभर उशिरा यायचा. एखाद्या ठिकाणी तर हात वर जायचा आणि क्षणभर तिथेच राहायचा, जणू खाली आणायचा विसर पडला. मला सगळं कळत होतं, कारण ते माझ्याच अंगावर उमटत होतं.

तो घरी गेल्यावर बाकीचे तिघं ते ऐकत बसले.

"ठेका मागे पडतोय," शेवटी सांत्तू म्हणाला.

"सांगायचं का त्याला?" मिर्वानं विचारलं.

"कशाला? आधीच बिचाऱ्याचं सगळं बिनसलंय. उगाच मनाला लावून घेईल," केइयो म्हणाला. "मी कापून नीट करतो. त्याला कळणारही नाही."

टेप कापतात ती अशी. चुकीची जागा शोधायची, पात्यानं तिरका छेद द्यायचा, नको तो तुकडा काढायचा आणि दोन्ही टोकं पांढऱ्या चिकटपट्टीनं जुळवायची. केइयोचा हात फार हलका. जिथे तार्मो अडखळला होता तिथे तिथे त्यानं मला कापलं आणि जोडलं. जिथे त्याला 'काय झालं रे?' असं विचारायला हवं होतं, नेमक्या त्याच जागी माझ्या अंगावर सांधे आले. काढलेले तुकडे केइयोनं कॉफीच्या रिकाम्या डब्यात टाकले. काही म्हणून फेकायचं नाही, ही त्याची सवय.

पुढच्या खेपेला तार्मो आला तेव्हा त्याला ते ऐकवलं. तो डोळे मिटून ऐकत बसला. एकही चूक नाही. सगळं जागच्या जागी.

"छान झालंय," तो म्हणाला. ड्रमच्या काड्या त्यानं ड्रमवरच ठेवल्या आणि वर निघून गेला. त्यानंतर तो आला नाही.

ड्रमचं काम संपलं होतं, त्यामुळे काही अडलं नाही. अडलं असतं तर कुणी गेलंही असतं वर. गिटार झाली, गाणं झालं, तार्मोच्या खिडकीत मात्र दिवा दिसेना. वडिलांच्या तळ्याकाठच्या झोपडीवर गेला असेल, असं सांत्तू म्हणाला. बाकीच्यांना ते पटलं. तिकडे माणूस न सांगता झोपडीवर गेला तर त्याला कुणी बोलवायला जात नाही. फोनसुद्धा करत नाहीत. शांतता हवी म्हणून तर तो गेलेला असतो.

शेवटी राहिला फक्त दार वाजवल्याचा आवाज. मिर्वाला खरा आवाज हवा होता, जिन्यातला, घुमणारा.

"कुणाचं दार घ्यायचं?" केइयोनं विचारलं. "लोकांना त्रास नको."

"तार्मोचं घेऊ," सांत्तू म्हणाला. "घरात कुणी नाहीच, आणि त्याची काही हरकतही नसणार."

केइयोनं जिन्यातल्या फलकावर रीतसर सूचना लावली. रविवारी दुपारी तिसऱ्या मजल्यावर ध्वनिमुद्रण आहे, दार वाजलं तरी रहिवाशांनी कृपया कुणीही दार उघडू नये, गैरसोयीबद्दल क्षमस्व. रहिवाशांना या सूचनेचं काहीच वाटलं नाही. एरवीही ही मंडळी दाराच्या भोकातून जिना रिकामा आहे ना हे बघूनच बाहेर पडतात, न जाणो शेजारी भेटला आणि हवापाण्याबद्दल बोलावं लागलं तर. ही सूचना म्हणजे त्यांची सोयच झाली. रविवारी सगळी इमारत चिडीचूप होती.

निवाऱ्यातून वायर निघाली, जिन्यावरून वर गेली. माइक तार्मोच्या दारासमोर उभा राहिला. खाली केइयोनं हेडफोन चढवले आणि मी फिरू लागले. मिर्वानं दार वाजवलं. थांबली. पुन्हा वाजवलं, आधीपेक्षा जोरात. मग मिर्वाला हवी होती तशीच लांबलचक शांतता पसरली. आणि त्या शांततेत, दाराच्या आतल्या बाजूला, लाकडी जमीन करकरली. एकदाच, हलकेच. मी ती जशी होती तशी टिपून घेतली. माझं कामच ते.

खाली सगळ्यांनी ऐकलं.

"वाजवलंस मस्त," केइयो म्हणाला. "शेवटी जरा करकर आलीय. एवढी काढून टाकतो." आणि त्यानं पातं उचललं.

मिर्वानं त्याचं मनगट धरलं. "परत लाव."

त्यानं परत लावलं. मी परत करकरले.

"ही जिन्यातली नाही," मिर्वा म्हणाली. "आतली आहे."

"जुनं घर आहे. लाकूड वाजतं थंडीत."

"केइयो, पाय ठेवल्याशिवाय जमीन अशी वाजत नाही. तो घरात आहे. दाराशी उभा होता."

सांत्तूचा चेहरा पडला. "मग उघडलं का नाही?"

मिर्वा उत्तर द्यायला थांबली नाही. आता यापुढचं मी स्वतः ऐकलेलं नाही, कारण ते वर घडलं आणि माइक बंद होता. मिर्वानं नंतर खाली येऊन सांगितलं ते मी चाकावर बसून ऐकलं, तेच तुम्हाला सांगते.

तिनं धावत जाऊन दार वाजवलं. आतून काही नाही. मग ती गुडघ्यावर बसली, दारातली टपाल टाकायची फट उघडली आणि तिला तोंड लावून म्हणाली, "तार्मो, टेप बंद आहे. दार उघड."

कडी निघाली. आत पडदे ओढलेले, दाराशी न उचललेल्या वर्तमानपत्रांचा ढीग, आणि दाढी वाढलेला, निम्मा झालेला तार्मो.

"मगाशी वाजवलं तेव्हा का नाही उघडलंस?"

"रात्री कचरा टाकायला उतरलो तेव्हा सूचना वाचली होती ना," तो म्हणाला. "म्हटलं, तुमचं ध्वनिमुद्रण खराब व्हायला नको."

मिर्वा म्हणते, तिला हसूही येईना आणि रडूही येईना. ज्या माणसाचं दार कुणी वाजवत नाही त्याच्यावर तिनं एवढं मोठं काम रचलं होतं, आणि त्या कामात व्यत्यय नको म्हणून खरा माणूस दाराआड श्वास रोखून उभा होता.

"कसा आहेस?"

"ठीक आहे."

"असू दे. कॉफी टाक."

कॉफी संपली होती. खायलाही घरात फारसं काही नव्हतं. मग मिर्वानं त्याला खालीच आणलं. त्या दिवशी इमारतीच्या सौनात, म्हणजे सगळ्यांच्या सामायिक वाफेच्या न्हाणीघरात, तार्मोची पाळी होती, कित्येक आठवडे तो गेलाच नव्हता. केइयो आणि सांत्तू त्याला घेऊन गेले. तिथे त्या वाफेत, अंधुक उजेडात, तार्मो बोलला. उठायचं कशाला हेच आपल्याला सकाळी कळेनासं झालंय, असं म्हणाला. मिर्वा निवाऱ्यात बसून राहिली होती. बाहेर आल्यावर, अजून केस ओले असताना, तो तिच्यासमोर आणखी एक गोष्ट बोलला, आणि ती मात्र मी माझ्या कानांनी ऐकली.

"मी चुकत होतो ते मला कळत होतं. प्रत्येक ठिकाणी. मग तुम्ही ऐकवलंत तर एकही चूक नाही. आणि कुणी काही बोलेना. मला वाटलं, झालं, माझ्याशिवायही मी व्यवस्थित वाजतो."

"तुला वाईट वाटू नये म्हणून केलं रे," केइयो म्हणाला.

"माहितेय," तार्मो म्हणाला. "पण ओरडला असतास तर बरं झालं असतं."

दुसऱ्या दिवशी मिर्वा त्याच्याबरोबर दवाखान्यात गेली. बरं व्हायला त्याला फार दिवस लागले. मधल्या काळात तो पुन्हा एकदा घसरलाही. पण या खेपेला तिघंही आळीपाळीनं वर जात होते, काम नसताना, आणि तो 'कशाला आलात' म्हणाला तरी बसून राहत होते. त्या माणसांना हे किती अवघड गेलं असेल, त्याची तुम्हाला कल्पना नाही. सांत्तू तर पहिल्या दिवशी नुसताच बसून परत आला, बोलायचं राहूनच गेलं होतं.

अल्बम पुरा करताना तार्मोनं केइयोकडून तो कॉफीचा डबा मागून घेतला. एक तुकडा शोधला आणि पुढे केला.

"हा परत लाव. शेवटच्या गाण्यात, दार वाजायच्या आधी."

"इथे तू उशिरा येतोस," केइयो म्हणाला. बघा, सांगितलं त्यानं, तोंडावर.

"हो. तिथे मी असाच होतो."

करकरही मिर्वानं ठेवली. पुढे माझा खूप बोलबाला झाला. एका जाणत्यानं त्या उशिरा पडलेल्या ठेक्यावर अख्खा परिच्छेद लिहिला, मात्रांचा असा खेळ आजवर कुणी केला नाही म्हणे. दुसऱ्यानं करकरीला समाजाच्या मोडत्या कण्याचा आवाज म्हटलं. वाचून तार्मो इतका हसला, की त्याला इतकं हसताना मी त्या हिवाळ्यानंतर पहिल्यांदाच पाहिलं.

नंतर चकाकत्या तबकड्या आल्या, मग त्याही गेल्या, आणि मी केइयोच्या तळघरातल्या जाळीच्या कप्प्यात स्की आणि मुरंब्याच्या बरण्यांच्या मध्ये कित्येक वर्षं पडून राहिले. दमट हवेनं अंग चिकट झालं. केइयोला आठवण झाली तेव्हा ओल जावी म्हणून त्यानं मला मंद आचेवर शेकलं आणि माझी नक्कल उतरवून घेतली. आता नक्कल जगभर फिरते आणि मी एका कोरड्या कपाटात असते. तक्रार नाही. आमच्या गटाचा दुसरा अल्बम व्हायला मात्र कितीतरी वर्षं लागली, कारण त्यानंतर निवाऱ्यात वाजवणं कमी आणि बोलणं फार व्हायला लागलं.

मित्रांनो, टेपची काळजी घ्या, तिला ओलीपासून जपा, हे मी सांगायला हवं, आत्मकथा सांगणाऱ्या आम्हा वस्तूंची तशी प्रथाच आहे. पण माझं काय, मी तुटले तर चिकटपट्टीनं जुळते. तुमच्यातल्या कुणाचा ठेका मागे पडायला लागला, तर त्याची चूक गुपचूप सावरून घेऊन त्याच्यावर उपकार करू नका. त्याच्याकडे जा आणि विचारा. दार उघडलं नाही तर पुन्हा वाजवा. तो 'ठीक आहे' म्हणेल. म्हणू दे. तुम्ही बूट काढा आणि आत जाऊन बसा.