घट्ट बसलेलं झाकण

माझा मोठा भाऊ सुतार. फट दिसली की ती बुजवल्याशिवाय त्याला घास गोड लागत नाही. आमच्या घरातल्या दारा-खिडक्यांत कागद सरकवायला जागा सापडायची नाही. वहिनी गेल्यापासून मी त्याच्याकडेच राहते. पुढे आमच्या खोल्या, मागे त्याची कामाची शेड.

त्याची मुलगी संसार मोडून परत आली ती एक बॅग आणि काचेची मोठी टाकी घेऊन. "यात खारं पाणी करून समुद्रातले मासे ठेवायचेत, चालेल का?" तिने दारातच विचारलं. तेव्हापासून तिचं सगळंच 'चालेल का'. पंखा लावू का, आत्या, खिडकी उघडू का. ज्या घरात लहानपणी धुडगूस घातला, तिथे पोर पाहुण्यासारखी अंग चोरून वावरत होती. दादाला ते दिसायचं, पण बोलणं त्याला जमत नाही. त्याने टाकीसाठी टेबल केलं आणि त्याला असं पॉलिश मारलं की वाकून बघावं तर त्यात आपले दात दिसावेत.

भाचीने मीठ विरघळवून पाणी केलं, तळाशी दगड रचले आणि पुढे कितीतरी दिवस नुसतं पाणीच ठेवलं.

"मासे कुठायत?" दादा येता-जाता विचारायचा.

"बाबा, पाणी आधी तयार होऊ दे."

"पाणी तयार होतं होय? लाकूड वाळत घालतात तसं?"

"अगदी तसंच," ती म्हणाली आणि जरा हसली. त्या हसण्यावर दादाने दोन दिवस काढले.

मग दोन नारिंगी मासे आले, अंगावर पांढरे पट्टे असलेले. एका दगडावर जिवंत पोवळंही आलं. खुशीत असलं की ते बारीक बोटं पसरून डुलायचं. टाकीच्या कोपऱ्यात एक छोटा पंप होता, त्याचं तोंड तिने वर करून ठेवलं होतं. दिवसभर वरचं पाणी खळखळायचं.

इथेच दादाला खुपलं. खारे थेंब उडून टेबलावर पांढरे डाग पडायला लागले. शेडमधला भुसाही तरंगत येऊन पाण्यावर बसायचा. पोरीला सांगावं तर ती 'टाकी काढते' म्हणेल, ही भीती. म्हणून ती कामावर गेलेली बघून त्याने माप घेतलं आणि झाकण केलं. चांगल्या जुन्या लाकडाचं, मध्ये उजेडासाठी काच. पंपाचं तोंड खाली वळवलं आणि झाकण काठांत हलकेच ठोकून बसवलं. पाणी आरशासारखं स्थिर झालं.

संध्याकाळी तिने पाहिलं. "सुंदर झालंय, बाबा." दादाची छाती फुगली.

दुसऱ्या दिवशी तिला सुट्टी होती. ऊन मी म्हणत होतं. दुपारी टाकीपुढे बसल्या बसल्या ती ताडकन उठली. दोन्ही मासे वर येऊन तोंडं उघडझाप करत होते. पोवळ्याने बोटं आत ओढून घेतली होती. तिने मासेवाल्या दुकानदाराला फोन लावला आणि स्पीकर सुरू केला.

"वरचं पाणी हलतंय का, ताई?"

"नाही."

"वर काही ठेवलंय?"

दादा शेडच्या दारात येऊन उभा होता, हातात पटाशी. ती त्याच्याकडे बघत हळूच म्हणाली, "झाकण आहे."

"घट्ट?"

"हो."

"मग कोंडलेत हो ते! पाण्यात हवा मिसळते ती वरूनच, वरचं पाणी हलतं राहिलं तर. खाऱ्या पाण्यात ती आधीच कमी मावते, त्यात हा उकाडा. काढा आधी झाकण!"

तिचा हात झाकणापर्यंत गेला आणि थबकला. "बाबा, हे जरा बाजूला ठेवलं तर चालेल का?"

"का गं? मुंगी शिरणार नाही असं बसलंय."

तेवढ्यात एक मासा कलला आणि कुशीवर झाला.

"मुंगी राहू दे, बाबा! हवा शिरत नाहीये!" पोर ओरडली. "काढा ते, आत्ता! आत्या, खिडक्या उघड सगळ्या!"

मी खिडक्यांकडे धावले. दादाने झाकण धरलं, पण ते हलेना. आतल्या वाफेने लाकूड फुगलं होतं. जोर लावावा तर काच तडकायची. त्याने क्षणभरही विचार केला नाही. पटाशी आपल्याच झाकणाच्या कडेत घातली आणि टवके काढले. झाकण करकरत सुटलं.

भाचीने पंपाचं तोंड वर केलं. "बाबा, प्लास्टिकचा मग घ्या! पाणी काढा आणि वरून सोडा. उंचावरून! अजून उंच!" दादा ओतत राहिला. खारं पाणी टेबलावर, जमिनीवर, त्याच्या सदऱ्यावर उडत होतं. टेबलाकडे त्याने पाहिलंही नाही.

कुशीवरचा मासा बराच वेळ तसाच होता. मग शेपटी हलली, तो सरळ झाला आणि डगमगत दगडाआड गेला. माझा जीव भांड्यात पडला. भाची ओल्या जमिनीवर बसून रडली. दादा तिच्याशेजारी बसला, हातात रिकामा मग घेऊन. "मला काय ठाऊक, पाण्यालाही श्वास लागतो," एवढंच म्हणाला.

"मी सांगायला हवं होतं. मलाही नव्यानेच कळतंय सगळं."

पुढच्या आठवड्यात त्याने नवीन झाकण आणलं. नुसती चौकट, मध्ये जाळी, काठापासून उचललेली. भाचीने तिच्यावरून बोट फिरवलं. "ही कड टोचतेय. आणि एवढी जाड कशाला? बारीक करून आणा."

दादा चौकट उचलून स्वयंपाकघरात माझ्याकडे आला. "आजवर माझ्या कामात कुणी खोट काढली नव्हती," तो कुजबुजला. बोलता बोलता हसत होता. बाहेर पंखा सुरू झाल्याचा आवाज आला. कुणालाही न विचारता.