आजोबांच्या उशीजवळ

मित्रांनो, माझ्या काचेला तडा गेलाय, पाठ रबराने बांधलीय आणि आवाजही फाटलाय. तरी मी मोबाइल आहे, आणि आज मला भयंकर चीड आली आहे.

शेकडो भावंडांबरोबर कारखान्यात जन्मलो तेव्हा वाटलं होतं, आता जग बघू. पहिल्या मालकाने खिशातून पुष्कळ फिरवलं. नवा फोन आला आणि मी खणात गेलो. तिथून विकला गेलो तो आईकडे. आई म्हणजे या घरातल्या धाकट्या मुलीची आई. घरात म्हणतात तेच मीही म्हणतो. ती इस्पितळाच्या धुलाईघरात चादरी धुते.

घरात फोन मी एकटाच. आजोबांना दमा, धाप लागली तर धुलाईघरात फोन करता यावा म्हणून मला त्यांच्या उशीजवळ ठेवून आई कामाला जाते. वस्तीत घरोघरी हेच: माणूस कामावर, फोन घरी, म्हाताऱ्यांजवळ नाहीतर पोरांजवळ. वस्तीत बस येत नाही. पूल ओलांडून अर्धं शहर तुडवत आई चालत जाते आणि सुजलेले पाय घेऊन परत येते.

वस्तीने बस मागितली होती. काल बसखात्याच्या बाई उत्तर घेऊन आल्या.

"फोन जवळच्या टॉवरला आपली जागा कळवत असतो, त्यावरून आम्ही पाहणी केली. रात्री फोन असतो ते घर, दिवसा जातो ते काम. श्रीमंत भागातले फोन रोज लांब जातात. तुमचे जागचे हलत नाहीत. म्हणजे इथे प्रवासच नाही."

"म्हणजे मी दिवसभर लोळते म्हणायची," आई म्हणाली.

"तुम्ही नाही ओ, तुमचा फोन."

"मग बसमध्ये त्यालाच बसवा," आजोबा खोकत खोकत म्हणाले.

सगळे हसले. मी मात्र आतून तापलो. जन्मभर दुसऱ्यांचे निरोप पोचवले, पण स्वतःचं एक वाक्य मला बोलता येत नाही. मी खरं तेच कळवलं होतं, आणि त्यातून निघालं धडधडीत खोटं.

बाई ओशाळल्या. "मी साहेबांना सांगून बघते, पण ते आकडेच बघतात. उद्यापासून पुन्हा मोजणी आहे. आठवडाभर फोन बरोबर न्या."

आज सकाळी आईने मला पिशवीत टाकलं. किती दिवसांनी रस्ता बघणार होतो! ती उंबऱ्यापर्यंत पोचली आणि आजोबांना उबळ आली.

"जा गं तू, मला काय धाड भरलीय," ते म्हणाले, पण वाक्य एका श्वासात पुरं झालं नाही.

आई थांबली. मागे आली, मला उशीजवळ ठेवलं. "मोजू देत काय मोजायचं ते," म्हणाली आणि चालू लागली.

आता मी इथेच पडून टॉवरला कळवतोय: घरी आहे, घरी आहे, घरी आहे.

मित्रांनो, आम्हाला जपा, पाण्यात पाडू नका, हे तर आहेच. पण आमच्याकडे बघून कुणी माणसांचा हिशेब मांडायला लागलं, तर त्यांना एवढं नक्की विचारा: फोन घरी आहे, पण आई कुठे आहे?