रद्द झालेला फॉर्म

"आधी पाना खाली ठेव," मुकादम म्हणाला. मी पंपाखाली आडवा होतो. इस्पितळातून निरोप होता. आमची ही तिथल्या धुलाईखात्यात कामाला. चादरींच्या ढिगाशीच कोसळली, ती उठलीच नाही.

आठवड्याने तिचं कपाट रिकामं करायला गेलो. आत चपला, कंगवा आणि एक खाकी पाकीट. पाकिटात माझ्या सहीचे अकरा फॉर्म. 'पत्नीने नोकरी करण्यास माझी हरकत नाही.'

हा फॉर्म ती दर वर्षी माझ्यापुढे ठेवायची. मी लगेच सही करत नसे. "बघू," म्हणून दोन दिवस रेडिओखाली ठेवून द्यायचो. मग चष्मा लावून विचारायचो, "काम कसं चाललंय? कुणाचा त्रास नाही ना?" तेव्हा ती सगळं सांगायची. मागच्या वर्षी म्हणाली, नव्या यंत्राचं दार जड आहे, हात भरून येतात. मी "जपून कर" म्हणालो आणि सही केली.

"हे जमा करून घेतले नाहीत का?" मी कचेरीतल्या बाईंना विचारलं.

त्याही गोंधळल्या. "अहो, नवऱ्याची संमती आता लागतच नाही. अकरा वर्षं झाली सरकारने कायदा बदलून. हे कुठून आले?"

हिच्या शेजारच्या यंत्रावरची मैत्रीण पुढे आली. "रद्दीत चाललेलं या फॉर्मांचं पॅड तिने मागून घेतलं होतं, भाऊजी. आम्ही चिडवायचो, 'अगं, सरकारने सोडवलं तुला, तुझं तूच काय गळ्यात घालून घेतेस?' नुसती हसायची."

"पण कशासाठी?"

"एकदा म्हणाली, सही करताना कलेक्टरसारखे बसतात, बघायला मजा येते. आणि एकदा म्हणाली, तेवढंच बोलणं होतं आमचं."

यातलं खरं कुठलं धरायचं, मला कळत नाही. अकरा वर्षं मी परवानगी देत होतो, आणि ती कुणाला लागतच नव्हती. ती मला हसत होती, की माझ्या विचारण्याची वाट बघत होती? की दोन्ही?

यंदाचा फॉर्म तिने त्या सोमवारी दिला. मी "बघू" म्हणालो. बुधवारी ती गेली.

फॉर्म अजून रेडिओखालीच आहे. सही केलेली नाही. काम कसं चाललंय, तेही विचारायचं राहिलं.