बंद गाडीची शिकवणी

"ब्रुऽऽम," दादा तोंडाने म्हणाला. "हं, झाली गाडी चालू. क्लच दाबा, दुसरा गिअर टाका."

नर्सबाईंनी क्लच दाबला आणि दुसरा गिअर टाकला. गाडी जागची हलली नाही. हलणार कशी? किल्ली दादाच्या खिशात होती.

"समोर म्हातारे आजोबा रस्ता ओलांडताहेत. ब्रेक!"

नर्सबाईंनी दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं, दात आवळले आणि पायात होती नव्हती ती ताकद घालून ब्रेक दाबला. दादा खूश झाला. "वा! वाचले आजोबा."

ड्रायव्हिंग स्कूलच्या ऑफिसच्या दारात कपातला चहा गार करत उभी असलेली ताई हे सगळं पाहत होती. तिने तोंड उघडलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि तोंड मिटलं. सकाळचे साडेआठ वाजले होते.

ताईचा एक नेम होता. दुपारी बारा वाजेपर्यंत कुणावरही आवाज चढवायचा नाही. वडील गेले त्या वर्षी तिने तो धरला आणि एकही दिवस मोडला नव्हता. दिवसभराचा का नाही, असं कुणी विचारलंच तर ती सरळ सांगायची, "तेवढं झेपणार नाही म्हणून." गाडी शिकवणाऱ्या बाईला बारापर्यंतसुद्धा पुष्कळ होतं.

अडचण एवढीच, की हा नेम तिच्या सख्ख्या थोरल्या भावाला, म्हणजे दादालाही पाठ होता. वादाचा विषय तो सकाळीच काढायचा, निर्णय सकाळीच जाहीर करायचा आणि पावणेबारा वाजले की "जेवून येतो गं" म्हणून सायकलवर टांग मारून पसार व्हायचा. तीनला परत यायचा तेव्हा ताईचा राग निवलेला असायचा, नाहीतर समोर कुणीतरी शिकाऊ असायचा.

पेट्रोल वर्षात तिसऱ्यांदा वाढलं तेव्हापासून गावाचं वागणंच बदललं होतं. समोरचे औषधवाले कोपऱ्यावर पेपर आणायलाही गाडी काढायचे, ते आता चालत जात आणि येताजाता चपलांच्या झिजेबद्दल बोलत. सिग्नलला गाड्या अशा पटापट बंद व्हायच्या, की चौकात घटकाभर चिमण्या ऐकू यायच्या. मग हिरवा दिवा लागला की निम्म्यांच्या गाड्या चालूच होत नसत आणि उरलेले निम्मे हॉर्न वाजवत. चार चार जण एका गाडीत कोंबून कामावर जात आणि उतरताना एकमेकांशी बोलत नसत.

पण या सगळ्यांवर ताण केली होती ती दादाने. दहा धड्यांपैकी पहिले सहा आता अंगणात, बंद गाडीत. चढाचा रस्ता बंद. "चढावर गाडी पेट्रोल पीत नाही, ढोसते," असं त्याचं म्हणणं. टाकी भरायची पद्धतही बंद. रोज सकाळी दिवसभराचे किलोमीटर धरून दादा कॅनमधून तेवढंच पेट्रोल मापून घालायचा. त्यामुळे पेट्रोल संपत आल्याचा पिवळा दिवा गाडीत कायम पेटलेला असायचा. शिकणारे त्याला बिचकत, म्हणून दादाने त्यावर काळी चिकटपट्टी लावून टाकली होती.

"दिवा झाकून पेट्रोल वाढतं का रे?" ताईने तेव्हा हळू आवाजात विचारलं होतं.

"पेट्रोल नाही वाढत. धीर वाढतो."

यावर काय बोलणार? सकाळचे दहा वाजले होते.

आता प्रश्न होता तो नर्सबाईंचा. बाईंनी अकरा वर्षं वॉर्डात रात्रपाळी केली होती. त्यांची लेक शाळेला निघायची तेव्हा त्या घरी यायच्या. दोघींची भेट म्हणजे उंबऱ्यावर डबा हातात देण्यापुरती. आता हॉस्पिटलने घरोघरी जाऊन पेशंट बघायची दिवसाची जागा काढली होती आणि ती बाईंना देऊही केली होती. अट एकच, महिनाअखेरपर्यंत लायसन्स हवं. बाई दोनदा नापास झाल्या होत्या. दोन्ही वेळा परीक्षकसाहेबांना स्वतःच्या बाजूचा ब्रेक दाबावा लागला होता, आणि त्यांनी ब्रेक दाबला की परीक्षा तिथेच संपते. तिसऱ्यांदा नापास झालं की सहा महिने थांबायचं. तिसरी परीक्षा शुक्रवारी होती आणि महिना सोमवारी संपत होता.

गुरुवारी ताई त्यांना शेवटच्या धड्याला रस्त्यावर घेऊन गेली, चालू गाडीत. पहिल्याच वळणावर ताईचं कपाळ पुढच्या काचेपर्यंत जाऊन आलं.

"अहो नर्सबाई, हळू! ब्रेक आहे तो, झुरळ नाही."

"हळूच दाबला की हो ताई."

आणि त्यांनी खरंच हळू दाबला होता, बंद गाडीच्या मानाने. इंजिन बंद असलं की ब्रेक दगडासारखा होतो, स्टिअरिंग जड होतं. चालू गाडीत तोच ब्रेक लोण्यासारखा. बाईंचा पाय त्या दगडावर तयार झाला होता. चालू गाडीत तो लोण्यात घुसत होता आणि गाडी दर चौकात गचके खात होती. सहा धडे देऊन दादाने त्यांना जे शिकवलं होतं, ते ताईला एका धड्यात विसरायला लावायचं होतं.

"आणि चढ?" बाईंनी विचारलं. "साहेब पाण्याच्या टाकीच्या चढावर गाडी थांबवायला लावतात. मागच्या वेळी तिथेच गेली माझी. ताई, तो एकदा करून घेऊ या ना."

ताईने दादाला फोन लावला. साडेअकरा झाले होते.

"चढ नाही," दादा म्हणाला. "तोंडी सांग तिला. हुशार बाई आहे."

"दादा, इंजिनाचा आवाज जड होतो तेव्हा हँडब्रेक सोडायचा असतो. आवाज तोंडी कसा सांगू?"

"मी करून दाखवतो की. ब्रुऽऽ..."

ताईने फोन ठेवला. वडील म्हणायचे, गाडी डोळ्यांनी नाही, कानांनी शिकायची. त्यांच्याच नावाच्या पाटीखाली आता गाडीचा आवाज त्यांचा मुलगा तोंडाने काढत होता. परत आल्यावर तिने अंगणात गाडी उभी करून बाईंना सांगता येईल तेवढं सांगितलं. आवाज खाली बसतो, गाडी नाक किंचित उचलते, त्या क्षणी सोडा. बाईंनी सगळं वहीत लिहून घेतलं. ताईचा जीव मात्र टांगणीलाच राहिला.

शुक्रवारी अकराला परीक्षा. "दहा किलोमीटरचं घातलंय," दादा निघताना म्हणाला. "परीक्षा आठची. दोनची तर चैन आहे."

परीक्षकसाहेब आले, बाईंच्या शेजारी बसले आणि पहिली गोष्ट केली ती ही, की इंजिन चालू करायला सांगून एसी पूर्ण वर केला. मग आधीच्या उमेदवाराचा फॉर्म मांडीवर घेऊन ते सावकाश भरत बसले. एक पान. मग दुसरं. मग पेन झटकणं. मागच्या सीटवर ताई बसली होती. मागून एक शब्द जरी आला तरी उमेदवार नापास, असा नियम. ती त्या काळ्या चिकटपट्टीकडे टक लावून बसली आणि मनातल्या मनात देवाला म्हणाली, साहेबांना काहीतरी आठवू दे, त्यांना थंडी वाजू दे, निदान त्यांच्या पेनातली शाई तरी संपू दे.

अकरा वाजून बारा मिनिटांनी साहेब म्हणाले, "चला."

नर्सबाईंनी गाडी बरी चालवली. गचके होते, पण गचक्यांवरून नापास करत नाहीत. शाळेपाशी थांबल्या, वळण घेतलं, गाडी मागे घेऊन लावली. मग पाण्याच्या टाकीचा चढ आला. अर्ध्यावर गाडीने एकदा खोकला काढला, मग दुसरा, आणि इंजिन गप्प झालं.

एसीचा वारा तसाच येत राहिला, पण त्याच्याखालचा आवाज गेला होता. गाडी क्षणभर जागच्या जागी थबकली आणि मागे सरकू लागली. मागे लाँड्रीची व्हॅन होती. ताईला व्हॅनच्या ड्रायव्हरच्या मिशा दिसल्या, इतकी जवळ. साहेबांचा पाय उचलला गेला. तो त्यांच्या ब्रेकच्या वर अधांतरी थांबला. ताईने डोळे मिटले. संपलं, ती मनात म्हणाली, अकरा वर्षांच्या रात्री दोन लिटर पेट्रोलसाठी गेल्या.

गाडी थांबली.

तिने डोळे उघडले. साहेबांचा पाय अजून हवेतच होता. ब्रेक नर्सबाईंनी दाबला होता. दगड झालेला, मेलेल्या गाडीचा ब्रेक. दुसरा कुणी शिकाऊ असता तर घाबरून पाय काढला असता. बाईंना त्यात काही वेगळं वाटलंच नाही. त्यांच्या लेखी ब्रेक असाच असतो. त्यांनी हँडब्रेक ओढला, चारी इंडिकेटर लावले आणि वॉर्डात बोलावं तशा आवाजात म्हणाल्या, "व्हॅनला आधी पुढे जाऊ देते, सर. मग मागे उतरवून कडेला लावते."

आणि लावली. जड स्टिअरिंग दोन्ही हातांनी ओढत, वीतवीत उतरवत, चाक कडेच्या दगडाला टेकेपर्यंत.

साहेबांनी पाय खाली घेतला. "पेट्रोल संपलं?"

ताईने मागच्या सीटवरून नुसती मान डोलावली.

"ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीतलं पेट्रोल. परीक्षेत." साहेबांनी फॉर्म उलटसुलट केला. "यात याचा रकानाच नाही." मग ते मागे वळले. "ताई, आता तुम्ही बोललात तरी चालेल. मी पावणेबारापर्यंत थांबतो. तोवर गाडी चालू झाली तर परीक्षा पुढे. नाहीतर 'अपूर्ण' लिहीन आणि पुढची तारीख पुढच्या महिन्यात."

नर्सबाईंनी मान खाली घातली. ताई गाडीतून उतरली आणि फोन लावला.

"दादा, पेट्रोल संपलंय."

"शक्यच नाही. मी मापून घातलंय."

"दादा, टाकीच्या चढावर ये. पेट्रोल घेऊन."

"एसी लावला होता का?"

"दादा."

"नाही, लावला असेल तर मग मापात चूक नाही, एवढंच म्हणतोय मी."

"दादा," ताई इतक्या हळू म्हणाली की पलीकडे तो एकदम गप्प झाला. "ये."

अकरा चाळीसला दादा चढावर उगवला, सायकल ढकलत, घामाने निथळत, कॅरिअरला कॅन बांधून. कॅन हलवला तसं तळाशी पेट्रोल डुचमळलं. टाकीचं झाकण काढून त्याने निम्मं ओतलं आणि थांबला.

"सगळं घालू?"

ताईने आकाशाकडे पाहिलं. नर्सबाई पुढे झाल्या, त्यांनी कॅन दादाच्या हातातून काढून घेतला आणि शेवटचा थेंब पडेपर्यंत उलटा धरून उभ्या राहिल्या. औषध अर्धं टाकणाऱ्या पेशंटशी वागायची त्यांना सवय होती.

चौथ्यांदा किल्ली फिरवल्यावर इंजिनाने दम धरला. आता चालू गाडीत, चढावरून, बाईंना आयुष्यात कधी न जमलेली गोष्ट करायची होती. ताई मागे बसली, तोंड घट्ट मिटून. बाईंनी एसी बंद केला. साहेबांनी भुवया उंचावल्या.

"ऐकू येत नाही, सर," बाई म्हणाल्या.

मग त्यांनी मान थोडी तिरकी केली, छातीला नळी लावून ऐकतात तशी. क्लच हळूहळू वर आला. इंजिनाचा आवाज खाली बसू लागला, बसत गेला, गाडीने नाक उचललं. आता, ताई मनात ओरडली. बाईंनी आणखी एक श्वास थांबून हँडब्रेक सोडला. गाडी वीतभर मागे आली, साहेबांचा पाय हलला, आणि गाडी पुढे निघाली. वर, टाकीपर्यंत.

वरच्या रेषेपाशी बाईंनी ब्रेक दाबला तो मात्र पुन्हा झुरळ मारल्यासारखा. साहेबांचं पेन खाली पडलं. त्यांनी वाकून ते शोधलं, कोटाला पुसलं आणि फॉर्मवर लिहिलं. ताईने मागून वाचलं. 'ब्रेक गरजेपेक्षा जोरात.' आणि त्याखाली, 'उत्तीर्ण'.

परीक्षा केंद्राच्या दारात साहेब उतरून गेले तेव्हा नर्सबाई स्टिअरिंगवर डोकं टेकून रडत होत्या आणि हसत होत्या. मग त्यांनी नाक पुसलं. "लेकीला शाळेतून आणायला जाते," त्या म्हणाल्या. "चालतच जाते. आज पहिल्यांदा." आणि ताईचे दोन्ही हात दाबून त्या गेल्यादेखील.

मागोमाग दादा उतारावरून सायकल सोडून पोचला. चेहरा फुललेला.

"बघितलंस? मेलेल्या गाडीत डगमगली का बाई? नाही! का? बंद गाडीची शिकवणी! अगं, हे पाटीवर लिहू आपण. 'गाडी बंद पडल्यास काय कराल, खास सहा धडे.' बाकी कुणाकडे आहे हे? बाबा असते तर..."

ताईने मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. बाराला आठ मिनिटं कमी होती. दादानेही पाहिलं. त्याचा चेहरा जरासा उतरला.

"चला, मी जेवून..."

"सायकल डिकीत टाक," ताई म्हणाली, गोड आवाजात. "आणि बस."

"मावणार नाही डिकीत."

"मावेल. चाक बाहेर राहू दे."

तो बसला. ताईने नखाने ती काळी चिकटपट्टी खरवडून काढली. पिवळा दिवा भकभकत होता. पंपावर पुढे तीन गाड्या होत्या, तिन्ही बंद, तिन्हींचे मालक गाडी हाताने ढकलत रांगेत पुढे सरकवत होते. ताईने आपली चालू ठेवली. दादा दर मिनिटाला किल्लीकडे बघत होता, पण काही बोलत नव्हता.

त्यांचा नंबर आला. पंपावरच्या माणसाने काचेतून वाकून विचारलं, "किती?"

"टाकी भर," ताई म्हणाली. "गळ्यापर्यंत."

दादाने श्वास आत ओढला. ताईने इंजिन बंद केलं, नळी टाकीत शिरली. मग तिने खिडकीची काच वर घेतली, घड्याळ पाहिलं. बारा वाजून चार मिनिटं झाली होती. ती सीटवर पूर्ण वळून भावासमोर बसली.

"हं, दादा," ती म्हणाली. "आता ऐक."